एकोणीस सेंटीमीटर

संगणक हा अत्यंत आज्ञाधारक आणि म्हणूनच अत्यंत धोकादायक नोकर होय, असे कमलाकरांचे मत होते. आणि त्यांचे मत एकदा बनले, की महाडच्या त्या महाविद्यालयातल्या आरेखनाच्या वर्गाला ते वर्षभर ऐकावे लागे. “याला खोटी रेघ काढायला सांगा,” ते म्हणत, “खऱ्या रेघेपेक्षा सरळ काढून देईल. ड्रॉइंग बोर्डावर पेन्सिलीने खोटे बोलताना निदान हात तरी कापायचा.”

एकतीस वर्षे ते हा विषय शिकवत होते. त्यांतली पहिली बारा वर्षे लाकडी बोर्ड, टी-स्क्वेअर आणि काळी शाई यांची होती. पुढे पुरात सावित्री नदी एकदा तळमजल्यावर शिरली आणि सगळे बोर्ड घेऊन गेली, तेव्हापासून वर्ग दुसऱ्या मजल्यावर आला आणि बोर्डांच्या जागी चोवीस संगणक बसले. विद्यार्थी त्या खोलीला ‘कॅडची लॅब’ म्हणत. कमलाकर तिला आरेखनशाळाच म्हणत आणि कुणी चुकून दुसरे नाव उच्चारले तर वाद घालत. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक गोल भिंग असे. कागदावर छापून आलेला प्रत्येक नकाशा ते त्या भिंगातून पाहत, आणि दोन रेघा जिथे मिळायला हव्यात तिथे केसभर अंतर दिसले तरी कागद परत करत. वर्षाच्या पहिल्याच तासाला ते फळ्यावर एक वाक्य लिहीत: उघडी आकृती म्हणजे चूक. त्याचा अर्थ साधा होता. जमिनीवर एका दगडापासून निघून, मोजत मोजत फेरी मारून पुन्हा त्याच दगडाशी आलात, तर कागदावरची शेवटची रेघही पहिल्या बिंदूलाच येऊन मिळाली पाहिजे. नाही मिळाली, तर तुम्ही कुठेतरी चुकलात.

अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रत्येकाने स्वतः राहतो ती जागा टेपने मोजायची आणि तिचा आराखडा संगणकावर काढायचा, असा त्यांचा दंडक होता. ते आराखडे पाहायला मंगळवारी निषाद येणार होता. निषाद हा त्यांचाच जुना विद्यार्थी. कारखान्यांच्या पाइपलाइनी आणि लोखंडी मचाणे यांचे नकाशे काढून देणारे त्याचे कार्यालय आता एमआयडीसीत होते, आणि दरवर्षी तो या वर्गातून एकाला नोकरीवर घेई. निदान पूर्वी घेई. गेली दोन वर्षे त्याने आराखडे पाहिले, चहा घेतला आणि कुणालाही न निवडता तो निघून गेला. कारण विचारता, “सर, नकाशे सुंदर आहेत,” एवढेच तो म्हणाला होता. ते वाक्य कमलाकरांना अजून बोचत होते.

यंदा मात्र त्यांची एका मुलीवर भिस्त होती, आणि शुक्रवारी दुपारी तिच्याच पडद्यावर आकृती उघडी दिसली.

सेजल उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या दांडवाडीची. बावीस घरांची ती वाडी डोंगराच्या सोंडेवर वसलेली. घरटी एक तरी माणूस मुंबईला. सेजल तिथून अर्धा तास उतरून एसटी गाठी, पोलादपूरला गाडी बदले आणि तरीही पहिल्या तासाला पहिली हजर असे. आराखड्यात तिने आपली वाडीच घेतली होती. शाळेच्या जोत्याच्या कोपऱ्यातल्या दगडापासून निघून, साकवावरून ओढा ओलांडून, देवळाला वळसा घालून ती पुन्हा त्याच दगडाशी आली होती. कोन मोजायला यंत्र नव्हते, म्हणून सगळी वाडी तिने त्रिकोणांत बसवली होती. तिन्ही बाजू कळल्या की त्रिकोण आपोआप ठरतो, आणि एकाला एक लावलेल्या अशा त्रिकोणांची माळ वाडीभोवती फिरून पुन्हा शाळेशी यायला हवी. ती आली नव्हती. माळेचे शेवटचे टोक पहिल्या दगडापासून दोन मीटर चौतीस सेंटीमीटर दूर थांबले होते. छापल्यावर ती फट बोटाएवढी रुंद दिसली असती.

शेजारच्या खुर्चीवर श्रेयस होता, महाडच्या बाजारपेठेतल्या हार्डवेअरवाल्याचा मुलगा, स्वभावाने उदार. त्याने आपल्याच दुकानाचा आणि मागच्या गल्लीचा आराखडा केला होता.

“अगं, एवढं काय बघत बसलीस?” तो म्हणाला. “शेवटचा एंडपॉइंट पकड, पहिल्यावर नेऊन क्लिक कर. चिकटतो तो. संपलं.”

“आणि मधले दोन मीटर?”

“कुठले दोन मीटर? दिसतायत का कुठे? सर काय भिंग घेऊन दांडवाडीला जाणार आहेत?”

“सर भिंग घेऊन कुठेही जातील,” सेजल म्हणाली, आणि दोघे हसले. मग दोघांनाही मागे उभे असलेले कमलाकर दिसले आणि हसणे थांबले.

कमलाकरांनी खुर्ची ओढली. श्रेयसचा सल्ला त्यांनी ऐकला होता; पण त्या क्षणी त्यांचे सारे लक्ष त्या फटीवर होते. “टेप नीट वाचला नाहीस,” ते म्हणाले. “कुठेतरी सहाचे नऊ झाले असतील. रविवारी पुन्हा मोज.”

“तीनदा मोजलंय, सर.”

“मग तीनदा चुकलीस.”

“तीनही वेळा तेवढीच फट आली, सर. दोन मीटर चौतीस, बत्तीस, पस्तीस.” तिने वहीची तीन पाने पुढे केली. “हाताची चूक असती, तर दर वेळी निराळी आली असती ना? एकदा इकडे, एकदा तिकडे. ही दर वेळी एकाच अंगाला जाते. म्हणजे ही माझ्या हातातली चूक नाही. दुसरीच कुठली तरी आहे.”

कमलाकरांशी वाद घालणे ही या खोलीत रोजची गोष्ट होती, कारण ते रोज घालत. पण त्यात ते उत्तरावाचून राहिल्याचे कुणी पाहिले नव्हते. त्यांनी तीनही पाने शेजारी शेजारी ठेवली. आकडे नीटस होते, खाडाखोड नव्हती, आणि युक्तिवादात त्यांना एकही भेग सापडेना. मनात चीड उठली, आणि तिच्या पाठोपाठ एक विलक्षण सुख. असा युक्तिवाद या पोरीने त्यांच्याच वर्गात बसून केला होता.

“टेपचं दुसरं टोक कुणी धरलं होतं?”

“बाबांनी. त्यांचा हात हलत नाय, सर.” घाईत तिच्या तोंडून वाडीचे ‘नाय’ निघाले, आणि तिने ते सुधारले नाही.

“बरं,” कमलाकर उठले. “रविवारी मी येतो.”

ते गेल्यावर श्रेयस हळूच म्हणाला, “घे. भिंग दांडवाडीला निघालं.”

सेजल या वेळी हसली नाही. मंगळवार तिला आठवत होता. निषादची जागा मिळाली नाही, तर मे महिन्यात मुंबईला जायचे ठरलेले होते. मामाने एका मोबाइलच्या दुकानात काउंटरवर उभे राहण्याचे काम तिच्यासाठी बघून ठेवले होते. “एसीमध्ये बसायचं गो, मस्त लाइफ,” मामाने फोनवर सांगितले होते. वर्षभर शिकलेले एकही अक्षर तिथे लागणार नव्हते.

रविवारी सकाळी पहिल्या एसटीने कमलाकर पोलादपूरला आणि तिथून उमरठला पोहोचले. पुढली चढण त्यांच्या अठ्ठावन्न वर्षांना जड गेली. पण वाटभर पायाखाली ज्या दगडी पायऱ्या होत्या त्यांनी त्यांना मोह घातला. एकही दगड डुगडुगत नव्हता, आणि चुन्या-सिमेंटाचा कुठे थेंब नव्हता.

“ही पाखाडी कुणाची?” त्यांनी विचारले.

“बाबांची,” सोबत आलेली सेजल म्हणाली. “तीस वर्षं तेच करतायत. आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांच्या पाखाड्या त्यांनीच बांधल्या.”

भागोजी शाळेच्या जोत्याशी टेप घेऊन उभाच होता. काटक, उंच, खांद्यावर पंचा. त्याने हात जोडले. “या गुरुजी. पोरगी म्हनली, तुमी माझा हात तपासाया येताय.”

“हात नाही हो, टेप.”

“येकच की. टेप काय आपसूक चालतोय?”

“मग दाखवा तर खरं, कसं मोजलंत ते.”

साकवापासून देवळापर्यंतची रेघ त्यांनी निवडली, कारण वाडीतली ती सर्वांत उभी चढण होती. खालचे टोक सेजलने धरले. भागोजी वर निघाला, आणि कमलाकरांनी असे मोजणे आयुष्यात पाहिले नव्हते. टेपला तो कुठे लोंबू देत नव्हता की उचलू देत नव्हता. दर वितीवर बोटाने दाबून त्याने तो जमिनीला लावला. उतार जिथे बदलला तिथे खूण करून रेघ तोडली, पुन्हा धरली. देवळाच्या पायरीशी पोहोचल्यावर त्याने आकडा वाचण्यासाठी मुलीला हाक मारली आणि छाती काढून म्हणाला, “भुई सोडली नाय कुटं!”

“एकतीस मीटर चाळीस,” सेजलने वाचले. वहीतही तेच होते.

कमलाकर चढणीच्या मध्यावर थांबले होते. धाप लागल्यामुळे थांबले असावेत असे त्या दोघांना वाटले. पण त्यांची नजर टेपवर होती. पिवळा टेप डोंगराच्या अंगाला साप चिकटावा तसा चिकटून वर गेला होता, आणि त्याच्याकडे पाहता पाहता ती फट कुठून आली ते त्यांच्या ध्यानात आले.

“भागोजी, हे एकतीस मीटर चाळीस कशासाठी बरोबर आहे?”

“कशासाठी म्हंजे? हितं पाखाडी घालायची तर दगूड येवड्याच लांबीचं लागनार. हातभर कमी नाय, हातभर जास्त नाय. तीस वर्सं मोजतोय मी.”

“पाखाडीसाठी बरोबर आहे. अगदी बरोबर आहे.” त्यांनी खालची एक सरळ काठी उचलली आणि एक टोक जमिनीत रोवून ती तिरपी धरली. “आता समजा, सूर्य अगदी डोक्यावर आलाय. या काठीची सावली केवढी पडेल?”

“काठीपरीस आखूड.”

“आणि काठी आणखी उभी केली तर?”

“आनखी आखूड. सरळ उभी केलीत तर सावलीच नाय.”

“नकाशा म्हणजे ती सावली, भागोजी. कागद जमिनीकडे वरून बघतो. त्याला तुमची चढण दिसत नाही, चढणीची सावली तेवढी दिसते. तुम्ही मला काठी मोजून दिलीत.”

भागोजीने काठीकडे पाहिले, मग आपल्या डोंगराकडे. “म्हंजे माझं माप खोटं?”

“मुळीच नाही. माप काठीचं आहे, आणि काठी खरी आहे. आम्हाला सावली हवी होती, ती आम्ही मागितली नाही.”

सेजल एकेक शब्द तोलून म्हणाली, “सर, हे तुम्ही आम्हाला कधी दाखवलं नाही.”

“अंतर समपातळीत मोजावे, हे मी लिहून दिलं होतं. पहिल्या महिन्यात.”

“लिहून दिलं होतं. दाखवलं नव्हतं. मोजायला कॉलेजच्या मैदानात नेलंत, आणि टेप जमिनीलगत ताठ धरा म्हणालात. मैदान सपाट आहे, सर. तिथं काठी नि सावली एकच.”

इतका नेमका मुद्दा कमलाकरांविरुद्ध कुणी क्वचितच मांडला असेल. आणि तो चुकीचा असता, तर त्यांनी तो तिथेच, देवळाच्या पायरीवर, तासभर खोडत बसायलाही कमी केले नसते. “चूक माझी,” ते म्हणाले. एकतीस वर्षे त्यांनी सपाट मैदानावर मोजणे शिकवले होते, आणि त्यांची अर्धी मुले डोंगरातून येत होती.

“आता सगळं परत मोजायचं?” भागोजीने विचारले. “आज सांजपातूर नाय व्हायचं, गुरुजी.”

“परत कशाला?” सेजलच्या डोळ्यांत एकदम काहीतरी पेटले. “सर, काठीची लांबी आपल्याकडे आहे. दोन टोकांमधली उंची मिळाली, की सावली हिशोबानं काढता येते. काटकोन त्रिकोण. शाळेतलंच आहे. एकवीस रेघा आहेत, एकवीस उंच्या काढायच्या.”

“उंची?” भागोजी म्हणाला. “त्ये तर माझं काम हाय.”

घरात जाऊन त्याने पाण्याची नळी आणली: पारदर्शक, लांब, आत पाणी. तिची दोन टोके कितीही दूर न्या, पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला उभे राहते. पाखाडीची पायरी न पायरी त्याने याच नळीने समतल केलेली होती. मग तो वर, सेजल खाली, हातात काठी आणि ओळंबा. कमलाकर वही घेऊन मध्ये. साकवापासून देवळापर्यंतची उंची टप्प्याटप्प्याने नऊ मीटर दहा भरली. सेजलने मोबाइलवर तिथेच हिशोब केला. “सावली तीस मीटर पाच,” ती ओरडली. “एका रेघेत एक मीटर पस्तीस जास्त धरले होते, सर!”

दुपारी भागोजीच्या अंगणात नाचणीची भाकरी आणि वालाची उसळ पुढे आली. वाढता वाढता सेजलची आई आवडी नवऱ्याला म्हणाली, “पोरगी शिकाया घातली आन् मास्तर शिकून चाललं. फी कुनी कुनाला द्यायची?”

“गप गो,” भागोजी दबल्या आवाजात म्हणाला.

“त्यांना गप करू नका,” कमलाकर म्हणाले. “मुद्दा बिनतोड आहे.” आणि त्यांनी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

संध्याकाळपर्यंत एकवीस उंच्या वहीत आल्या. शेवटची एसटी त्यांनी धावत गाठली.

सोमवारी सेजलने एकवीसही सावल्या काढून त्रिकोणांची माळ नव्याने गुंफली. वर्ग तिच्या खुर्चीमागे जमला होता. शेवटचे टोक दगडाकडे सरकत गेले, जवळ आले, आणखी जवळ आले, आणि थांबले. एकोणीस सेंटीमीटर.

“अरेरे,” कुणीतरी म्हणाले.

“अरेरे काय?” श्रेयस म्हणाला. “दोन मीटर चौतीसचे एकोणीस सेंटीमीटर झाले! आता तरी चिकटव, बाई.”

कमलाकरांनी भिंग काढले नाही. चारशे मीटरच्या फेरीत, डोंगरउतारावर, साध्या टेपने आणि पाण्याच्या नळीने मोजून एकोणीस सेंटीमीटर! ते काम किती उत्तम होते हे त्यांच्याइतके त्या खोलीत कुणालाच कळत नव्हते. पण उद्या निषाद येणार होता, बाकीच्या तेवीस आकृत्या बंद होत्या, आणि या एकीत मिलिमीटरभर का होईना, उजेड दिसणार होता. “मोजणीत एवढा फरक राहतोच,” ते म्हणाले. “मिटव तो.”

“कुठल्या रेघेत घालू, सर?”

“म्हणजे?”

“एकोणीस सेंटीमीटर कुठल्या तरी रेघेत घालावे लागतील. शेवटचं टोक ओढलं, तर सगळे शेवटच्या रेघेत जातील. ती रेघ मी नीट मोजलीय. तिनं काय केलंय?”

या वेळी मात्र कमलाकरांकडे उत्तर होते, आणि ते देताना त्यांचा आवाज बदलला. “एका रेघेत घालायचे नाहीत,” ते म्हणाले. “फरक सगळ्या रेघांत त्यांच्या लांबीच्या प्रमाणात वाटून देतात. लांब रेघेला जास्त, आखूड रेघेला कमी. आकृती बंद होते, आणि भार एकीवर पडत नाही.”

“मग तसं करते. पण किती वाटले ते कोपऱ्यात लिहिते.”

“लिहायलाच हवं असं नाही.”

“न लिहिता वाटले, तर श्रेयसच्या क्लिकमध्ये नि यात फरक काय राहिला, सर?”

“ए, मला मध्ये घेऊ नका,” श्रेयस म्हणाला.

तिने वाटणी केली. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात, नाव आणि प्रमाण यांच्याखाली, तिने लहान पण स्वच्छ अक्षरांत एक ओळ घातली: जुळणीतील फरक ०.१९ मीटर, सर्व रेषांत लांबीच्या प्रमाणात विभागला.

मंगळवारी दहाला निषाद आला. आराखडे भिंतीवर ओळीने लावलेले होते. मार्गदर्शकाने मध्ये बोलायचे नाही, ही अट कमलाकरांनीच पूर्वी घातलेली होती; आज ती त्यांच्या जिवावर आली. मुलीची परीक्षा बघायला भागोजीही आला होता. इस्त्रीचा सदरा घालून तो दाराशी उभा राहिला, आणि आत बोलावले तरी आला नाही.

निषाद एकेका नकाशाशी थांबत, हात मागे बांधून, भिंतीच्या कडेने चालला. दुकाने, इमारती, एक भातगिरणी, बिरवाडीकडचा एक मळा. सारे सुबक. सेजलच्या कागदाशी तो आला, वाडीवरून नजर फिरवली, आणि मग वाकून उजव्या कोपऱ्याजवळ बराच वेळ थांबला.

“हा कुणाचा?”

“माझा, सर.” सेजल पुढे झाली.

“एकोणीस सेंटीमीटरचा फरक?”

“हो, सर.”

निषाद वळला आणि त्याने शेजारच्या आराखड्याच्या मालकाला विचारले, “तुझा किती?”

“शून्य, सर.”

“तुझा?”

“शून्य.”

“आणि तुझा?”

अशी ती ओळ पुढे गेली. तेवीस मुले, तेवीस शून्ये. शेवटचे शून्य श्रेयसचे होते. निषाद परत सेजलकडे आला. “सगळ्यांचा फरक शून्य. तुझ्या एकटीचा एकोणीस. मग मी तुला का घ्यावं?”

कमलाकरांनी खिशातले भिंग मुठीत आवळले.

“माझे एकोणीस मी मोजलेत, सर,” सेजल म्हणाली. “शून्य कुणी मोजलंय का, ते विचारा.”

कुणीतरी खुसखुसले. निषाद मात्र हसला नाही. “श्रेयस, तू मोजलंयस?”

खोटे बोलणे श्रेयसच्या स्वभावात नव्हते. “नाही, सर. शेवटी थोडी फट होती. एंडपॉइंट पकडला नि चिकटवला. सगळ्यांनीच चिकटवलाय. सरांनीच शिकवलंय ना... उघडी आकृती म्हणजे चूक.”

सगळ्या माना कमलाकरांकडे वळल्या. दोन वर्षे निषाद रिकाम्या हाताने का परत गेला, ते त्यांना त्या एका क्षणात कळले. मुले खोटारडी नव्हती. ती आज्ञाधारक होती. संगणकाबद्दल ते जे सांगत आले होते, तेच त्यांनी मुलांचे करून ठेवले होते. अट मोडून ते उभे राहिले.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “मीच शिकवलं. अर्धं शिकवलं. उघडी आकृती ही चूक आहे, हे सांगितलं. चूक सापडली की तिचं काय करायचं, ते सांगितलं नाही. ते या मुलीनं काल मला विचारून घेतलं, आणि त्यावर माझ्याशी भांडली.”

“तुमच्याशी?” निषादने भुवया उंचावल्या. “आणि जिंकली?”

“तीन वेळा.” हे सांगताना कमलाकरांची मान अशी ताठ झाली होती, की जणू जिंकले तेच होते.

निषाद एका बाकावर टेकला. “दोन वर्षांपूर्वी आम्ही एक मचाण पाठवलं,” तो मुलांना म्हणाला. “नकाशा असाच सुंदर होता, फरक शून्य. जागेवर नेलं तेव्हा बोल्टांची भोकं चार बोटं बाजूला. सगळं लोखंड परत आलं. कुठल्या रेघेत चूक होती ते शोधायला तीन आठवडे लागले, कारण ज्यानं ती रेघ ओढून चिकटवली होती, त्यानं कुठेच लिहिलं नव्हतं. तेव्हापासून मी नकाशा बघत नाही. कोपरा बघतो.” तो उठला. “सेजल, परीक्षा झाली की पुढल्या सोमवारी ये. आणि तिथे माझ्याशीही भांड. मी सरांइतका सोपा नाही.”

“बघू, सर,” सेजल म्हणाली, आणि मग आपण काय बोललो हे ध्यानात येऊन तिने ओठ चावला.

दाराशी उभ्या भागोजीला यातले निम्मेच कळले होते; पण लेकीचा चेहरा त्याला पुरेसा होता. तो आत आला. कमलाकरांनी नकाशाची दुसरी प्रत काढली, त्याच्यासमोर बाकावर पसरली आणि आपले भिंग त्याच्या हाती दिले. भागोजीने शाळा ओळखली, मग साकव, मग देऊळ, मग बोट सरकवत सरकवत आपले अंगण.

“आन् ती चूक कुटं हाय?” त्याने विचारले.

“सगळीकडे थोडी थोडी, बाबा. वाटून टाकलीय.”

“आपल्या अंगनाच्या रेघंत किती?”

“एक सेंटीमीटर.”

“देवळाच्या?”

“दीड. ती रेघ लांब हाय ना.”

भागोजीने समाधानाने मान हलवली. पाखाडीचे काम वाडीत असेच वाटले जाई. ज्याचे शेत लांब, त्याच्या वाट्याला दगड जास्त. “ह्ये बेस झालं,” तो म्हणाला. “देव पन सुटला नाय.”

दुपारी कमलाकर बापलेकीला सोडायला स्टँडवर आले. असे ते कुणासाठी येत नसत. पोलादपूरची गाडी लागली. भागोजीने गुंडाळलेला नकाशा छातीशी उभा धरला होता, आणि त्याचे टोक खिडकीतून बाहेर डोकावत होते.

“काय आहे ते, काका? वर ठेवा की,” कंडक्टर म्हणाला.

“वर नाय ठेवायचा. आमची वाडी हाय ती,” भागोजीने साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. “पोरीनं काढलीय. एकोनीस सेंटीमीटरची चूक हाय तिच्यात. लिवलेली हाय!”